फोन बाजूला ठेवण्याआधी माणूस ठरवा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या दाराशी सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती आणि मी तिच्यापासून चार हातांवर खुर्चीत होतो. तिने सांगायला सुरुवात केली, "आमच्या आबांनी मला कागलातनं सायकलवर बसवून अंबाबाईच्या किरणोत्सवाला आणलं होतं, त्या दिवशी..." आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. कामाचा संदेश होता. त्याला उत्तर दिले, मग त्याखालचा दुसरा संदेश उघडला, मग कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ पाहिला. मधे दोन वेळा मी नुसते "हं" म्हटले. तिने माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुझं होऊ दे आधी, मग सांगतो." माझे झाले तेव्हा शेंगा फोडून संपल्या होत्या, टरफले भरून झाली होती आणि ती देवापुढे दिवा लावायला निघून गेली होती.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जास्त लागले. मी ऐकणार नाही हे तिने गृहीत धरले होते, आणि त्याची तिला सवय झाली होती.

त्याआधी मी फोन कमी करण्याचे प्रयत्न केले नव्हते असे नाही. उद्यापासून फक्त दोन तास, रविवारी फोन बंद, असे बेत अनेकदा केले आणि प्रत्येक बेत चार-पाच दिवसांत मोडला. कारण पुढे लक्षात आले. मी फोनची वेळ कमी करत होतो, पण मोकळ्या झालेल्या वेळेचे काय करायचे हे ठरवत नव्हतो, त्यामुळे रात्री आठ वाजता हात रिकामे झाले की ते पुन्हा फोनकडेच जात. आधी माणूस ठरवला, त्याची वेळ ठरवली आणि मग त्या वेळेच्या आड येणाऱ्या गोष्टी फोनमधून एकेक करून काढल्या, तेव्हा कुठे ते टिकले. म्हणून पुढील सर्व सूचना त्याच क्रमाने दिल्या आहेत, आणि वाचकांनी हा क्रम उलटा करू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

आधी नाव, मग वेळ

एक कागद घ्यावा. फोनमधील नोंदवही नको, कारण ती उघडताना वाटेत दहा गोष्टी दिसतात. कागदावर दोन किंवा तीन नावे लिहावीत, त्यांपैकी एक तरी घरातले असावे आणि एक घराबाहेरचे. घरातल्या माणसासाठी रोजची ठरावीक वेळ ठेवावी आणि बाहेरच्या माणसासाठी आठवड्यातील एखादी. माझ्या कागदावर आईसाठी रोज साडेसात ते साडेआठ, गडहिंग्लजच्या आत्यासाठी गुरुवारी रात्री एक फोन आणि थोरल्या भावासाठी बुधवारची संध्याकाळ असे लिहिले होते. पत्नी आणि मुलगा साडेसातच्या जेवणात आपोआप आलेच.

वेळ लहान ठेवावी, पण घरात आधीपासून घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला ती बांधावी, म्हणजे दिवेलागण, जेवण, दूध आणणे, झाडांना पाणी घालणे. निव्वळ घड्याळाला बांधलेली वेळ पहिल्या पाहुण्याबरोबर हुकते, जेवणाला बांधलेली सहसा हुकत नाही. भावाच्या आणि माझ्या बुधवारचे ठिकाण आमच्या कोल्हापुरातील गंगावेशीचा दूध कट्टा आहे. तिथे संध्याकाळी म्हशी येतात, गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देतात, आणि आपला ग्लास येईपर्यंत उभे राहावे लागते. त्या दहा मिनिटांत आम्ही घरातले, वडिलांच्या जमिनीचे आणि मुलांच्या शाळेचे जेवढे बोलतो तेवढे आधी सणावारालाही बोलत नव्हतो, कारण सणाला सगळे एकत्र असत आणि प्रत्येकाच्या हातात फोन असे.

ठरवलेली वेळ त्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगावी. "दादा, बुधवारी सातला कट्ट्यावर येतो" एवढे पुरेसे आहे. आपल्यासाठी कोणीतरी थांबले आहे ही जाणीव फोनमधील कोणत्याही मर्यादेपेक्षा अधिक काम करते, आणि दिलेला शब्द मोडताना आपल्याला निदान फोन करून तसे कळवावे लागते.

किती वेळा, हे पाहावे

आता फोनकडे वळू. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग नावाचा भाग असतो आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम. दोन्ही सोयी २०१८ पासून आहेत. तिथे दिवसाचे एकूण तास दिसतात, पण माझ्या मते खरा आकडा त्याखाली असतो, तो म्हणजे दिवसात फोन किती वेळा उघडला आणि किती सूचना आल्या. तीन तासांचा एक सलग चित्रपट पाहिला तर घरच्यांचे फारसे काही बिघडत नाही, पण तेच तीन तास शंभर तुकड्यांत वाटले गेले असतील तर दिवसातले प्रत्येक बोलणे कुठेतरी तुटलेले असते. तीन दिवस काहीही न बदलता हे आकडे कागदावर उतरवून ठेवावेत. बदल सुरू केल्यानंतर तासांपेक्षा आधी उघडण्याची संख्या कमी होताना दिसते, आणि तेवढे दिसले तरी हुरूप येतो.

हात आपोआप फोनकडे का जातो, हेही थोडक्यात समजून घेतलेले बरे, म्हणजे सगळा दोष स्वतःच्या मनोबळावर टाकला जात नाही. बक्षीस दर वेळी न मिळता कधी मिळते, कधी नाही, अशी व्यवस्था असली की ती सवय सर्वांत चिवट होते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. फोन उघडल्यावर कधी भाचीचा फोटो दिसतो, कधी काहीच नसते, आणि म्हणूनच आपण पुन्हा उघडतो. त्यातच पानाला तळ उरलेला नाही. खाली सरकवत राहिले की नवे येत राहावे ही रचना अझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली, आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा झपाट्याने स्वस्त झाला, २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स सुरू झाले. वर्तमानपत्र वाचून संपते. हे संपत नाही, त्यामुळे थांबण्याची खूण आपल्यालाच बाहेरून घालावी लागते.

सूचनांची झाडाझडती

सर्वांत जास्त फरक इथे पडतो, म्हणून या कामाला रविवारची एक दुपार द्यावी आणि ते शांतपणे करावे.

तत्त्व एकच ठेवावे: माणसाने आपल्याला उद्देशून काही पाठवले तर फोनने सांगावे, यंत्राने पाठवले तर सांगू नये. खरेदीच्या ॲपवरील सवलत, खेळाचे निमंत्रण, "तुमच्या ओळखीच्या कोणीतरी फोटो टाकला आहे" असला निरोप, बातम्यांचे ठळक मथळे, जेवण मागवण्याच्या ॲपची आठवण, या सगळ्यांच्या मागे आपल्याला हाक मारणारे कोणी माणूस नसते. अशी सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरावे. तिथेच ती बंद करण्याचा किंवा आवाज न करता येऊ देण्याचा पर्याय दिसतो. आठवडाभर येईल ती सूचना अशी तपासली की यादी आपोआप साफ होते, सेटिंग्जमध्ये जाऊन शंभर ॲप एकदम चाळत बसावे लागत नाही. अँड्रॉइड १३ पासून नवे ॲप घेताना ते सूचनांची परवानगी विचारते, त्या वेळी नकार देण्याची सवय लावावी. अपवाद फक्त बँकेचा. खात्यातून पैसे गेल्याचा संदेश तत्काळ दिसणे फसवणुकीपासून वाचण्यासाठी आवश्यक आहे, तो कधीही बंद करू नये.

व्हॉट्सॲपचे ग्रुप ही यापेक्षा नाजूक गोष्ट आहे, कारण तिथे माणसेच आहेत, पण एकाच वेळी शंभर. तालीम मंडळाचा ग्रुप, भिशीचा, शाळेच्या वर्गमित्रांचा, अपार्टमेंटचा, चुलत-मावस भावंडांचा, मुलाच्या शाळेतील पालकांचा, कार्यालयाचा. कोल्हापुरातील कोणत्याही घरात डोकावले तर एवढे ग्रुप सहज निघतील. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की पेठेच्या ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत वाद रंगतो, गणपतीच्या आधी महिनाभर वर्गणीचे आणि मिरवणुकीचे चालते. ग्रुपमधून बाहेर पडा असा सल्ला मी देणार नाही. नातेवाइकांच्या ग्रुपमधून बाहेर पडणे म्हणजे आपल्याकडे जेवणाच्या पंगतीतून उठून जाण्यासारखे आहे, आणि ज्या नात्यांसाठी हा खटाटोप करायचा त्यांनाच त्यातून धक्का बसतो. त्याऐवजी ग्रुपच्या नावावर जाऊन तो म्यूट करावा. तिथे आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय येतात, त्यांतील 'कायम' निवडावा. त्यानंतर तो ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकावा, म्हणजे नवा संदेश आला तरी तो वर येऊन डोळ्यांसमोर नाचत नाही. दिवसातून एकदा, समजा दुपारच्या चहानंतर, अर्काइव्ह उघडून सर्व ग्रुप एका दमात वाचून काढावेत. वाढदिवस कळतात, निधनाची बातमी कळते, भिशीची तारीख कळते आणि काहीही हातातून सुटत नाही.

सुटण्याची भीती मात्र खरी असते. तिच्यावर उपाय म्हणून जवळच्या दहा-बारा जणांना एक साधा निरोप पाठवावा: "मी आता मेसेज लगेच बघत नाही. घाईचं असेल तर सरळ फोन करा, मी उचलीन." हा निरोप गेल्यावर मला पहिल्या महिन्यात असे घाईचे फोन अगदी बोटांवर मोजण्याइतके आले, आणि ते खरोखरच घाईचे होते. याच्या जोडीला व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये जाऊन 'लास्ट सीन' आणि 'ऑनलाइन' लपवावे. आपण ऑनलाइन दिसलो आणि उत्तर दिले नाही, यावरून जे रुसवे होतात ते त्यामुळे बरेच टळतात.

ठरवलेल्या वेळेसाठी फोनमधील 'डू नॉट डिस्टर्ब' रोज आपोआप सुरू आणि बंद होईल असे लावून ठेवावे. घरात म्हातारे आईवडील असतील, मुलगी शिकायला पुण्यात असेल, तर फोन मुका ठेवायला जीव धजत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी संपर्कयादीतील मोजक्या नावांना चांदणीची खूण करून फक्त त्यांचे फोन वाजू द्यावेत. अनोळखी क्रमांकावरून खरीच अडचण कळवायची असेल तर त्याचीही सोय आहे: अँड्रॉइडमध्ये त्याच क्रमांकावरून १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देता येतो, आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत आला तर. हा पर्याय चालू आहे ना, हे एकदा घरातल्याच दुसऱ्या फोनवरून फोन लावून तपासावे.

आणखी एक अपवाद खास आपल्या गावाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी चढू लागले की राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे सगळ्यांचे लक्ष लागते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे इथल्या लहान मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना त्या दिवसांत फोन बाजूला ठेवा असे कोण सांगेल? अशा वेळी मात्र प्रशासनाची अधिकृत माहिती देणारी एकच जागा उघडी ठेवावी आणि बाकीचे ग्रुप आवर्जून म्यूट ठेवावेत, कारण जुन्या पुराचे व्हिडिओ नवे म्हणून फिरतात आणि घाबरलेल्या घराला अधिक घाबरवतात. पाणी ओसरले की ती जागाही पुन्हा शांत करावी. हे विसरू नये, मी एकदा विसरलो आणि दसऱ्यापर्यंत तो ग्रुप वाजत राहिला.

फोनची जागा

घरात चपलांना जागा असते, छत्रीला असते, फोनला मात्र नसते, म्हणून तो माणसाच्या हातातच राहतो. बैठकीच्या खोलीत भिंतीजवळ, जिथून आवाज ऐकू येईल पण हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी एक पेटी किंवा टोपली ठेवावी आणि घरातील सर्वांचे चार्जर तिथेच लावावेत. साडेसात वाजले की फोन त्यात जातील. खिशात उलटा ठेवलेला किंवा ताटाशेजारी पालथा ठेवलेला फोन चालत नाही. टेक्सास विद्यापीठातील ॲड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुका केलेला फोन टेबलावर ठेवून चाचणी देणाऱ्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी सरस आढळली होती. नंतरच्या सर्वच प्रयोगांत तसाच निकाल आलेला नाही, पण जेवताना ताटाजवळचा फोन आणि पलीकडच्या खोलीतला फोन यांतला फरक कोणीही आठवडाभरात स्वतः अनुभवू शकतो.

फोनने एकेक करून ज्या वस्तूंची जागा घेतली त्या वस्तू परत आणाव्या लागतात. गजराचे घड्याळ आणल्याशिवाय फोन अंथरुणातून बाहेर जाणार नाही. शे-दोनशे रुपयांचे साधे घड्याळ चालते. मनगटी घड्याळ पुन्हा बांधावे, कारण वेळ पाहायला म्हणून उघडलेला फोन वेळ न पाहताच परत खिशात जातो हे सर्वांना ठाऊक आहे. बॅटरी, कॅलेंडर आणि एक छोटी वही घरात हाताशी असावी. सगळ्यात अडचणीची गोष्ट पैशांची आहे. भेळ घ्यायची तरी क्यूआर कोड आणि रिक्षाला द्यायचे तरी तेच, म्हणून फिरायला जाताना फोन न्यावाच लागतो. यावर मी शोधलेला उपाय फार साधा आहे: रंकाळ्यावर जाताना खिशात दोनशे रुपये सुट्या नोटांत ठेवतो. पत्नीचा फोन अडीअडचणीसाठी तिच्या पर्समध्ये असतो आणि माझा घरी. पहिल्या दिवशी पदपथावर चालताना हात तीन-चार वेळा रिकाम्या खिशाकडे गेला. नंतर आम्ही शालिनी पॅलेसच्या बाजूच्या कठड्यावर बसून मुलाची भेळ संपेपर्यंत पाण्याकडे पाहत राहिलो, आणि त्याने शाळेत कोणाशी अबोला धरला आहे ते आपणहून सांगितले. मी विचारले असते तर त्याने सांगितले नसते.

ॲप आणि त्यांचे कुलूप

याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण सूचना आणि जागा या दोन गोष्टी नीट झाल्या तर इथे फार झगडावे लागत नाही. पहिल्या पडद्यावर फोन, संदेश, कॅमेरा, नकाशा, बँक एवढेच ठेवावे. ज्या ॲपमध्ये वेळ वाहून जातो ते पूर्ण काढून टाकावे. खाते तसेच राहते, आणि पाहायचे असेल तेव्हा संगणकावर पाहता येते. यूट्यूब काढणे अनेकांना परवडत नाही, कारण भजने, पाककृती आणि मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ तिथेच असतात. त्यात पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकावा, म्हणजे मुख्य पानावर शिफारशींची रांग लागत नाही आणि जे हवे ते शोधूनच पाहावे लागते. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोयही बंद करावी. रात्री पडदा राखाडी करण्याचा पर्याय अँड्रॉइडच्या बेडटाइम मोडमध्ये आहे. रंग गेले की रील्सची ओढ बरीच ओसरते. ॲपवर वेळेची मर्यादा घालता येते, परंतु ती आपली आपणच एका स्पर्शात वाढवू शकतो, त्यामुळे तिच्यावर एकटीवर विसंबू नये. आयफोनमध्ये स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड लावता येतो, तो पतीने पत्नीकडून किंवा पत्नीने पतीकडून लावून घ्यावा.

मिळालेल्या तासात काय करावे

फोन पेटीत गेल्यावर पहिले पाच-सहा दिवस घरात एक अवघडलेली शांतता पसरते. कोणाला काय बोलावे ते सुचत नाही, मुलगा चिडचिड करतो, आपण दोनदा उठून पाणी पितो. याला घाबरून बेत सोडू नये. गप्पा मारायच्या म्हणून समोरासमोर बसले तर त्या होत नाहीत, हातांना काम दिले की होतात. भाजी निवडावी, शेंगा फोडाव्यात, पापड वाळत घालावेत, जुने फोटो वेगळे करावेत, सायकलची चेन घासावी. आमच्या घरी तांबड्या रश्श्याचा मसाला भाजण्याचे काम रविवारी सकाळी मी आणि मुलगा मिळून करतो. सुके खोबरे लालसर होईपर्यंत हलवत राहावे लागते, तीळ आणि खसखस शेवटी घालावी लागते, नाहीतर ती करपते. त्यामुळे दोघांनाही कढईसमोरून हलता येत नाही, आणि त्या अर्ध्या तासात त्याच्या वर्गातल्या साऱ्या मुलांची नावे मला कळली.

ऐकण्याचीही सवय नव्याने लावावी लागते. समोरचा बोलत असताना आपल्याला काही आठवले, कोणाला काही कळवायचे राहिले असले, तर ते शेजारच्या वहीत दोन शब्दांत टिपावे आणि पुन्हा त्याच्याकडे पाहावे. "हे आत्ता शोधून सांगतो" म्हणून फोन आणायला उठू नये. एखाद्या गोष्टीचे साल नक्की कोणते यावर घरात वाद झाला तर होऊ द्यावा. त्या वादातून जुन्या चार गोष्टी निघतात.

मुलांच्या बाबतीत नियम आधी स्वतःला लावावा. आपण जेवताना फोन पाहायचा आणि मुलाला अभ्यास कर म्हणायचे, यात मुलाला दिसते ते आपले वागणे. अगदी लहान मुलांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बाळांसमोर पडदा नसावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एक तासाहून जास्त नसावा. घास भरवताना व्हिडिओ लावून देण्याची पद्धत आता घरोघरी आहे, आणि दमलेल्या आईला त्याबद्दल बोल लावणे मला पटत नाही. तिला खरी मदत हवी असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने फोन ठेवून बाळाला कडेवर घ्यावे आणि गच्चीतून चिमण्या, गाड्या, समोरच्यांचे मांजर दाखवावे.

वडीलधाऱ्यांकडेही लक्ष हवे. अनेक घरांत आता आजोबाच दिवसभर फोनवर असतात, आणि सून-मुलगा त्याबद्दल कुरकुरतात. दुपारभर त्यांच्याशी बोलायला घरात कोणी नसते हे त्यामागचे कारण आहे. त्यांच्या हातून फोन काढून घेण्याआधी त्यांच्यासाठी कोण वेळ देणार ते ठरवावे.

एकट्या घराला हे जड जाते, गल्लीला सोपे जाते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असा पायंडा पाडला की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. शहरातील पेठेत भोंगा वाजवणे कठीण आहे, पण एका अपार्टमेंटमधील चार घरांनी एकच वेळ पाळली तर "त्यांच्याकडे चालतं, मग आपल्याकडेच का नाही" हा मुलांचा प्रश्न उरत नाही. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी साडेसातची वेळ धरली, आणि त्यानंतर जिन्यात मुलांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

कामाचे काय?

माझा व्यवसाय हिशेबाचा आणि करविवरणांचा आहे. जुलैमध्ये आणि मार्चअखेर संदेशांना अंत नसतो, म्हणून ज्यांना "तुमचे ठीक आहे, आमचे धंद्याचे" असे वाटते त्यांची अडचण मी जाणतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश लावता येतो. त्यात एवढेच लिहावे की आपला निरोप मिळाला, उद्या सकाळी दहानंतर उत्तर देतो, तातडीचे असल्यास फोन करावा. एका जुन्या पक्षकाराने सुरुवातीला नाराजी दाखवली, मी रात्री उत्तर देत नाही म्हणून दुसऱ्याकडे जाईन असेही सांगितले. मी त्यांना सकाळी दहा वाजता, न चुकता, पूर्ण आणि नीट उत्तर देत गेलो. ते अजून माझ्याकडेच आहेत. घाईत रात्री अर्धवट दिलेल्या उत्तरांमुळे पूर्वी माझ्या हातून ज्या चुका व्हायच्या, त्या कमी झाल्या. हंगामाच्या दिवसांत मी साडेसातची वेळ अर्ध्या तासावर आणतो, पण सोडत नाही, आणि ते आईला आधी सांगतो.

बेत मोडेल, त्याचीही तयारी असावी. लग्नसराईत, निवडणुकीत, क्रिकेटच्या सामन्यांत आठवडा हातचा जातो. अशा वेळी सगळे नव्याने सुरू करायची गरज नसते. त्या दिवशी जेवणाआधी फोन पेटीत टाकला की पुरे.

सायकलची ती गोष्ट आईने पुढे तीन आठवड्यांनी सांगितली, मी काहीही न विचारता. नोव्हेंबरात तीन दिवस मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. आबा तिला तिसऱ्या दिवशी घेऊन निघाले होते आणि वाटेत सायकलचे चाक पंक्चर झाले. ते पोहोचले तेव्हा किरणे निघून गेली होती. आबांनी तिला महाद्वारात बसवून, देवीच्या मुखावर ऊन कसे पडते ते स्वतःच्या चेहऱ्यावर कंदिलाचा उजेड धरून दाखवले. हे सांगताना तिने हातातली शेंग तशीच धरून ठेवली होती आणि मला आबांची हनुवटी कशी होती ते बोटाने हवेत काढून दाखवत होती.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट राहिली. नवा फोन घेतला की किंवा मोठे अपडेट आले की यातील बऱ्याच मांडण्या पुन्हा पूर्ववत होऊ शकतात. काढून टाकलेली ॲप जुन्या फोनमधून परत येतात आणि सूचना चालू होतात. म्हणून आपण काय काय बंद केले ते त्याच पहिल्या कागदाच्या मागे लिहून ठेवावे, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. नवा फोन हातात आला की पहिल्याच संध्याकाळी, पेटीत ठेवण्याआधी, तो कागद समोर धरून सगळे पुन्हा लावून घ्यावे. त्याला अर्धा तास लागतो.